तामाझिघ्त: स्त्री आणि भाषा यांचे एकच नाव

उत्तर आफ्रिकेतील बर्बर स्त्रियांची चांदी, गोंदण आणि गालिचे यांचे कौतुक जगभर होते. पण अडचण सुरू होते ती ‘बर्बर’ या शब्दापासूनच. ज्यांची बोली कळत नाही त्यांच्यासाठी ग्रीकांनी वापरलेला हा शब्द पुढे रोमन आणि अरबांच्या तोंडी रुळला. मराठीत तर बर्बर म्हणजे सरळ रानटी. हा समाज स्वतःला अमाझिघ म्हणवतो. त्याच्या भाषेत नामाच्या दोन्ही टोकांना ‘त’ जोडला की स्त्रीलिंग होते. म्हणून ‘तामाझिघ्त’ म्हणजे अमाझिघ स्त्री, आणि भाषेचे नावही तेच. व्याकरणाच्या या योगाला इतिहासाने अर्थ दिला. धर्म आणि दरबार अरबीत, विसाव्या शतकातील कचेऱ्या फ्रेंचमध्ये, पुरुष मजुरीसाठी परदेशी. अशा काळात ही भाषा चुलीपाशी आणि मागापाशी राहिली ती बायकांमुळे.

दागिनाही आधी कामाची वस्तू होता. न शिवलेले वस्त्र खांद्यांवर पेलायला चांदीच्या दोन त्रिकोणी टाचण्या, मधून छातीवर लोंबणारी साखळी, हा जोड दक्षिण मोरोक्कोत ‘तिझेरझाय’ म्हणून ओळखला जातो. तो घडवणारे पुष्कळ कारागीर ज्यू होते आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्यांतले बहुतेक देश सोडून गेले, हे कौतुकाच्या भरात विसरले जाते. परंपरेचा गौरव करताना आणखी एक गोष्ट झाकू नये: अल्जीरियातील काबिली या अमाझिघ समाजाच्या रूढीने स्त्रीला वारशात वाटा दिला नव्हता.

खरा वाद पेटला तो लिपीवरून. काबिली कवितेवरील एक व्याख्यान सरकारने रद्द केल्याने १९८० मध्ये अल्जीरियात आंदोलन उसळले आणि भाषेचा प्रश्न उघड राजकारणात आला. मोरोक्कोने २००३ मध्ये शाळांसाठी लिपी ठरवली. अरबी लिपीच्या बाजूने धर्म आणि राष्ट्रैक्याचा आग्रह होता, रोमनच्या बाजूने छापील साहित्याचा अनुभव. निवड झाली ती तिफिनाघची. सहारातील तुआरेग या अमाझिघ लोकांनी टिकवलेली आणि जिथे आईच मुलांना वाळूत अक्षरे गिरवून देई, अशी ही लिपी नव्या रूपात स्वीकारली गेली. दोन्ही पक्षांना हार पत्करावी लागली नाही, म्हणून निर्णय चतुर म्हणावा लागेल. पण ज्या खेडवळ बायकांनी भाषा जगवली त्यांना शाळाच मिळाली नव्हती, आणि थोडेफार शिकलेल्यांनाही आता नवी अक्षरे गिरवणे आले. हनुवटीवरचे गोंदण म्हणजे हीच अक्षरे, असे हौसेने सांगितले जाते. रेषा आणि ठिपके जुळतात खरे, पण तेवढ्यावरून गोंदणाला लेखन ठरवणे घाईचे आहे.

मोरोक्कोच्या राज्यघटनेने २०११ मध्ये आणि अल्जीरियाच्या घटनेने २०१६ मध्ये तामाझिघ्तला अधिकृत भाषेचा दर्जा दिला. मोरोक्कोत त्याच्या अंमलबजावणीचा कायदा येईपर्यंत २०१९ उजाडले, आणि तोवर हनुवटीवर गोंदण असलेल्या स्त्रिया बहुतेक गावांत फक्त म्हाताऱ्याच उरल्या होत्या.