गर्दी गप्प राहते, पण कारण एकच नसतं

अपघातापाशी नुसती उभी राहिलेली गर्दी असो, नाहीतर हळदीकुंकवाला विधवेला न बोलावणारा वाडा, म्हणजे गावातली वस्ती, आपण दोघांबद्दलही एकच म्हणतो, "लोकांना कशाचं काही पडलेलंच नाही." हे निदान दोन्हीकडे चुकतं, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या कारणाने. सामाजिक मानसशास्त्रात या गप्प राहण्याचे दोन निराळे प्रकार सांगितले आहेत. एकाला म्हणूया जबाबदारीची वाटणी आणि दुसऱ्याला सामूहिक गैरसमज. वरून दोन्ही सारखेच दिसतात. उपाय मात्र इतके वेगळे आहेत की एकाचा दुसऱ्याला लावला तर कधी कधी नुकसानच होतं.

जबाबदारीची वाटणी समजायला सोपी. गोव्यात बांबोळीला भर पावसात दुचाकी घसरते आणि दहा-पंधरा जण थांबतात. माणसाला लागलंय, रक्त वाहतंय, यात कोणालाच शंका नाही. १०८ला फोन करायला हवा हेही सगळ्यांना कळतं. पण एवढ्या जणांत कोणीतरी केलाच असेल, असं प्रत्येकाला वाटतं, आणि गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ, हाकेच्या अंतरावर असूनही वेळ निघून जातो.

जॉन डार्ली आणि बिब लाटाने या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली हे प्रयोगातून दाखवलं. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले विद्यार्थी इंटरकॉमवर बोलत असतात आणि बोलता बोलता त्यांच्यातल्या एकाला फेफऱ्याचा झटका येतो. तो आवाज खरं तर टेपवरचा. हे ऐकणारा आपण एकटेच, असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले ८५ टक्के झटका संपायच्या आत मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असं वाटणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. मला महत्त्वाची वाटते ती पुढची नोंद. जे उठले नाहीत ते निवांत बसलेले नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता आणि संशोधक आत येताच "तो बरा आहे ना?" असं ते विचारत होते. अशांना निर्दयी कसं म्हणायचं?

या संशोधनाला निमित्त झाला न्यूयॉर्कमधला १९६४चा किटी जेनोवीज खून. ३८ जण बघत राहिले, ही त्याची गाजलेली बातमी अतिरंजित होती हे पुढे उघड झालं. गर्दीत मदत मिळतच नाही, असंही नाही. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउनमधल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं गेलं, तेव्हा दहापैकी नऊ प्रसंगांत निदान एक तरी माणूस मध्ये पडला होता. म्हणजे मदतीची इच्छा असते. अडतं ते पहिलं पाऊल कोणी टाकायचं यावर.

म्हणून इथे उपदेश नको, काम वाटून द्यायला हवं. "ओ निळ्या शर्टवाले भाऊ, तुम्ही १०८ लावा. बाई, तुम्ही जरा वळणावर उभ्या राहून गाड्या थांबवा." माणसाकडे बोट दाखवून सांगितलं की ते काम त्याचं होतं. मागे पोलिसांचं लचांड लागेल, ही भीती आता धरायचं कारण नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १३४ अ हे कलम आलं. सद्हेतूने मदत करणाऱ्याला ते संरक्षण देतं आणि नाव सांगायची सक्तीही करत नाही.

दुसरा प्रकार जास्त खोल आहे, आणि आपल्या गावांत तोच मला जास्त सतावतो.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गोव्यात घराघरांत, मंडळांत, पंचांच्या अंगणांतसुद्धा हळदीकुंकू होतं. तबक फिरायला लागलं की घरातली विधवा काकी आपसूक स्वयंपाकघरात जाते. कोणी तिला जा म्हणत नाही. दिवसभर लाडू तिनेच वळलेले असतात, वाणाच्या पिशव्याही तिनेच भरलेल्या असतात. तबक हातात असलेल्या सुनेला हे खुपतं. शेजारणीलाही खुपतं. पण सून बघते ती शेजारणीचा शांत चेहरा, आणि शेजारीण बघते सुनेचा. दोघींचीही समजूत एकच होते: बाकीच्यांना हे मान्य दिसतंय, मी बोलले तर मीच वाईट ठरेन. इथे कोणी जबाबदारी दुसऱ्यावर ढकललेली नाही. प्रत्येकीने दुसरीचं मन चुकीचं वाचलंय. मनातून बहुतेकींना नको असलेली रीत त्यामुळे वर्षानुवर्षं चालू राहते.

याचा चांगला दाखला सौदी अरेबियातला आहे. रियाधमधल्या तरुण विवाहित पुरुषांना विचारलं, तर बहुतेकांचा बायकांनी घराबाहेर नोकरी करायला पाठिंबा होता. इतर पुरुषांचा मात्र इतका पाठिंबा नसेल, असं त्यांना वाटत होतं. काही जणांना खरा आकडा सांगितला गेला. बायकोचं नाव नोकरी मिळवून देणाऱ्या सेवेत नोंदवण्याचं प्रमाण ज्यांना तो सांगितला नव्हता त्यांच्यात २३ टक्के होतं, तर सांगितलेल्यांत ३२ टक्के. कोणाचंही मत वळवावं लागलं नाही. त्यांना फक्त शेजाऱ्याचं मत कळलं.

आता उपायांची अदलाबदल करून बघा. "सूनबाई, उद्यापासून काकीला कुंकू लावायचं काम तुझं," असं म्हटलं तर तिला सगळ्या वाड्याशी एकटीने वैर घ्यायला लावल्यासारखं होईल. वैर तसं खरं नाही, पण तिच्या लेखी ते आहेच. उलट, अपघाताच्या जागी लोकांचं मत विचारून काय मिळणार? तिथे मत आधीच एक आहे.

जनजागृतीच्या नावाखाली होणारं नुकसान तर याहून मोठं आहे. "समाज अजून मागासलेला आहे, विधवांना कोणी मान देत नाही" असं भाषणात आपण तळमळीने सांगतो. ऐकणारी बाई त्यातून एवढंच उचलते की सगळे तसेच आहेत. तिचा गैरसमज आपणच पक्का करून देतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याची ताकद मला कागदापेक्षा या गोष्टीत दिसते की शेजाऱ्याच्या मनात काय आहे ते गावाला भर सभेत कळलं.

एक इशारा द्यायला हवा. झोनबदल (जमिनीचा ठरलेला वापर बदलणं), डोंगरकापणी असले विषय ग्रामसभेत निघाले की लोक गप्प बसतात, तेव्हा कधी कधी कारण या दोन्हींपैकी नसतं. भाटकाराची (जमीनमालकाची), बिल्डरची, नाहीतर मुलाची नोकरी जाण्याची खरीखुरी भीती असते. ती गैरसमज म्हणून उडवून लावणं हा त्या माणसांवर अन्याय आहे.

मग ओळखायचं कसं? चारचौघांना वेगवेगळं गाठून दोन प्रश्न विचारावेत: तुम्हाला स्वतःला काय वाटतं, आणि इतरांना काय वाटत असेल? दोन्ही उत्तरं जुळली आणि तरी कोणी हलत नसेल, तर आधी भीती आहे का बघावं, नसेल तर कामाची वाटणी करावी. उत्तरांत मोठी तफावत असेल तर ती सगळ्यांसमोर ठेवावी. बचत गटाच्या बैठकीत हे सहज जमतं. बिननावाच्या चिठ्ठ्या लिहून घ्यायच्या, तिथेच मोजायच्या आणि आकडा तिथल्या तिथे वाचून दाखवायचा. आकडा त्याच वाड्यावरचा हवा, कारण दूरच्या गावातल्या बायकांना काय वाटतं याने शेजारणीची भीती जात नाही. मोजणीत बहुतेकींना जुनीच रीत हवी आहे असं निघालं, तर मात्र तो आकडा सगळीकडे सांगत फिरू नये. अशा वाड्यात गैरसमज नाही, मतभेद आहे, आणि तो एकेकीशी बसून बोलूनच मिटवावा लागेल.