एक डोळा झाकून पाहा

ज्या मुलाला एका डोळ्याने कमी दिसते, ते तशी तक्रार करत नाही. त्याला पहिल्यापासून तसेच दिसत आलेले असते आणि दुसरा डोळा सगळे निभावून नेतो. ते धावते, चेंडू झेलते, चित्रे रंगवते. घरच्यांना शंका यावी असे काही घडतच नाही. मग कधीतरी शाळेत डोळे तपासताना एक डोळा झाकायला सांगतात आणि तक्त्यावरची मोठी अक्षरेही त्याला वाचता येत नाहीत. चष्मा लावून पाहिला तरी त्या डोळ्याने स्पष्ट दिसत नाही. हा आळशी डोळा, म्हणजेच अँब्लिओपिया. शंभर मुलांमागे साधारण एक ते पाच मुलांना तो असतो. वेळेवर सापडला तर बहुतेकांची दृष्टी सुधारते, म्हणून तो उशिरा सापडला की फार हळहळ वाटते.

असा डोळा आतून तपासला तर बहुतेक वेळा निरोगी निघतो. अडचण मेंदूत असते. पहिल्या सात-आठ वर्षांत मेंदूच्या मागच्या बाजूचे दृष्टिकेंद्र दोन्ही डोळ्यांची चित्रे एकत्र करायला शिकत असते. त्या काळात एका डोळ्याचे चित्र सतत धूसर आले किंवा भलत्याच दिशेचे आले, तर मेंदू ते बाजूला सारतो.

हे कसे घडते ते डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६०च्या दशकात हार्वर्डमध्ये दाखवले. त्यांनी मांजराच्या पिल्लांच्या एका डोळ्याच्या पापण्या शिवून तो डोळा काही काळ बंद ठेवला. पापण्या पुन्हा उघडल्या तेव्हा दृष्टिकेंद्रातल्या जवळजवळ सगळ्या पेशी उघड्या राहिलेल्या डोळ्यालाच प्रतिसाद देत होत्या. मोठ्या मांजरावर हाच प्रयोग केला तर असा परिणाम होत नव्हता. त्याहून विलक्षण गोष्ट पुढेच आहे. दोन्ही डोळे बंद ठेवलेल्या पिल्लांमध्ये नुकसान दुप्पट व्हायला हवे होते, पण ते अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी निघाले. म्हणजे डोळा नुसता वापराअभावी मागे पडत नाही, मेंदूतल्या जागेसाठी दोन डोळ्यांत चढाओढ असते आणि कमजोर डोळा त्यात हरतो. या दोघांना १९८१मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधण्याचा उपाय मात्र त्याच्या कितीतरी आधीचा. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी १७४३मध्येच तो सुचवला होता.

तिरळेपणा हे या दोषाचे नजरेत भरणारे कारण. ‘मोठेपणी आपोआप सरळ होईल’ किंवा ‘तिरळेपणा भाग्याचा’ म्हणत थांबणारी घरे आजही आहेत, आणि त्यात मोलाची वर्षे जातात. दोन डोळ्यांच्या नंबरांतला फरक मात्र बाहेरून ओळखू येत नाही. त्यातही प्लस नंबर जास्त फसवा. मायनस नंबरच्या डोळ्याला निदान जवळचे स्पष्ट दिसते, त्यामुळे मेंदूला त्याच्याकडून काहीतरी नीटस मिळत राहते. एका डोळ्याचा प्लस नंबर बराच जास्त असेल, तर दोन्ही डोळे चांगल्या डोळ्याच्या गरजेपुरताच जोर लावतात आणि दुसऱ्याला ना जवळचे नीट दिसते, ना दूरचे. जन्मजात मोतीबिंदू क्वचित आढळतो, पण तिथे प्रश्न आठवड्यांचा असतो. बाळाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे न्या, कारण ती डोळ्याच्या कर्करोगाचीही खूण असू शकते.

उपचाराची सुरुवात योग्य नंबरच्या चष्म्याने होते. काही मुलांना तेवढाच पुरतो, म्हणून डॉक्टर काही आठवडे फक्त चष्म्यावर थांबले तर ती दिरंगाई समजू नये. त्यानंतर पट्टी. ती चष्म्याच्या काचेवर लावण्यापेक्षा थेट त्वचेवर चिकटवावी, नाहीतर मूल कडेने पाहते. पूर्वी दिवसभर पट्टी लावत. अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांमध्ये २००३च्या सुमारास दिसले की दोष मध्यम असेल तर रोजचे दोन तास सहा तासांइतकेच गुणकारी ठरतात. दोष तीव्र असेल तर सहा तास लागतात. पट्टी अजिबात सहन न करणाऱ्या मुलांसाठी चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचे थेंब घालून त्याची नजर धूसर करतात, तोही उपाय तितकाच चालतो. तास किती आणि थेंब कधी, हे डॉक्टरच ठरवतील.

हे दोन तास खरे जड जातात ते घरच्यांना. उकाड्यात पट्टीखाली घाम येतो, मूल ती ओरबाडून काढते, शाळेत चिडवाचिडवी होते. म्हणून संध्याकाळची घरातली वेळ बरी, आणि त्या वेळेत नजर लावून करायचे काम द्यावे: मणी ओवणे, तांदूळ निवडणे, चित्र रंगवणे. ‘डोळ्यांच्या व्यायामाने चष्मा घालवा’ अशा जाहिरातींवर पैसे आणि महिने घालवू नयेत. दोन्ही डोळ्यांना वेगवेगळी चित्रे दाखवणाऱ्या व्हर्च्युअल रिॲलिटी उपचाराला अमेरिकेत २०२१मध्ये मान्यता मिळाली आहे, पण पट्टी अजून मोडीत निघालेली नाही.

सातव्या-आठव्या वर्षानंतर काहीच करता येत नाही, हा समज जुना झाला. सात ते सतरा वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास २००५मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चष्म्याला पट्टी आणि थेंबांची जोड दिल्यावर बारा वर्षांपर्यंतच्या निम्म्याहून अधिक मुलांना तक्त्यावर आणखी दोन ओळी तरी वाचता येऊ लागल्या. तरीही लवकर केलेल्या उपचाराची सर उशिराच्या उपचाराला येत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३मध्ये आपल्या पालघरमधूनच झाली. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांची एकदा तपासणी होते. खासगी बालवाडीत जाणारी मुले त्यात येत नाहीत, त्यांना पालकांनीच न्यायला हवे. वय तीन-चार पुरे. मुलाला अक्षरे यावी लागत नाहीत. थेंब घालून, रेटिनोस्कोपच्या उजेडात डॉक्टरांना नंबर काढता येतो. त्याआधी घरी खेळता खेळता एकेक डोळा झाकून पाहा. एक डोळा झाकला की मूल चिडते, हात ढकलते आणि दुसरा झाकला तर गप्प बसते, असे झाले तर तपासणी लांबवू नका.

उपचार थांबल्यावर सुमारे पाव मुलांची दृष्टी पुन्हा घसरते, त्यामुळे पट्टी सुटली तरी तपासण्या चालू ठेवाव्यात. तिरळेपणाची शस्त्रक्रिया डोळा सरळ करते, त्याची दृष्टी वाढवत नाही. पट्टीचे काम वेगळे करावेच लागते. आणि एका मुलाला हा दोष निघाला, तर त्याच्या भावंडांचेही डोळे तपासून घ्या, कारण नंबर आणि तिरळेपणा दोन्ही घराण्यात चालतात.