'नाकाचं हाड' आणि क्लस्टर हेडेक : पार्श्वभूमी

माझ्या मोठ्या भावाला क्लस्टर हेडेक आहे, म्हणजे एका डोळ्यामागे झटक्यांनी येणारी तीव्र डोकेदुखी. हे नाव आमच्या घरात यायला सहा वर्षं लागली आणि त्यातली चार 'नाकाचं हाड वाढलंय' या एका वाक्यात गेली. म्हणून आधी या वाक्याबद्दल.

नागपुरात डोकं दुखलं की मे महिन्यात ऊन लागलेलं असतं, थंडीत सायनस असतो आणि ही दोन्ही कारणं बसली नाहीत की नाकाचं हाड निघतं. पण मराठीत 'हाड वाढलं' हे निदान तीन वेगळ्या गोष्टींना म्हणतात. दोन नाकपुड्यांमधला पडदा एका बाजूला कललेला असला तरी हाड वाढलं. नाकाच्या बाजूच्या भिंतीवरची घडी, म्हणजे टर्बिनेट, सुजून फुगली तरी हाडच. नाकाच्या अस्तरातल्या मऊ गाठीला, म्हणजे पॉलिपला, डॉक्टर 'मांस वाढलं' म्हणतात, घरी पोचेपर्यंत त्याचंही हाड झालेलं असतं. पडद्याचा पुढचा भाग तर कूर्चेचा असतो, मागचा तेवढा हाडाचा. तो कलतो, कधी त्याला काट्यासारखं टोक येतं. अगदी सरळ पडदा असलेली माणसं कमीच, त्यामुळे सीटी स्कॅनच्या रिपोर्टवर 'डीएनएस' (म्हणजे कललेला पडदा) ही अक्षरं कितीतरी जणांच्या नशिबी येतात. त्यातल्या बहुतेकांचं डोकं दुखत नाही.

खरा घोटाळा 'वाढलं' या क्रियापदात आहे. वाढलेलं कापता येतं आणि कापलं की दुखणं जाईल असं वाटतं. 'पडदा कललाय' एवढंच कानावर पडलं असतं तर आम्ही ऑपरेशनची तारीख इतक्या घाईने घेतली नसती. भावाच्या रिपोर्टमध्ये पडदा डावीकडे कललेला होता आणि दुखायचं उजवीकडे. हे कोणी विचारलं नाही, आम्हीही नाही.

आयुर्वेदाच्या संहितांत अर्धावभेदक येतो, त्याचीच पुढे अर्धशिशी झाली. एका बाजूचं प्रत्येक दुखणं आपण तिच्यातच टाकत आलो, क्लस्टरसुद्धा.

नाक आणि डोकेदुखी यांची आधुनिक सांगड विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. पडद्याची शस्त्रक्रिया तेव्हा नुकतीच सुरळीत होऊ लागली होती. 1908 मध्ये एका अमेरिकन नाकतज्ज्ञाने नाकाच्या मागच्या बाजूच्या चेतागुच्छाला, म्हणजे नसांच्या गाठीला, दोषी ठरवलं आणि तिथे कोकेन लावून वेदना थांबवून दाखवली. त्याच्या रुग्णांपैकी काहींना आज क्लस्टर म्हटलं असतं. पुढे हा आजार मज्जातंतूतज्ज्ञांकडे गेला. 1926 मध्ये लंडनहून, 1939 मध्ये अमेरिकेतून वेगवेगळ्या नावांनी त्याची वर्णनं आली. झटके झुंडीने येतात म्हणून 'क्लस्टर' हा शब्द 1952 मध्ये आला.

1988 मध्ये डोकेदुखीचं पहिलं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण निघालं, आणि त्याच सुमारास दुर्बिणीने नाक तपासणाऱ्यांनी एक कल्पना पुढे आणली : पडद्याचं टोक समोरच्या टर्बिनेटला टेकलं की त्या स्पर्शातून चेहऱ्यात वेदना उठते. कल्पना पटण्यासारखी होती आणि ऑपरेशननंतर बरं वाटलेल्या एकेकट्या रुग्णांचे अहवालही छापून आले. पण 2001 मधल्या एका तपासणीत असा स्पर्श चेहरा दुखणाऱ्यांत आणि न दुखणाऱ्यांत सारखाच आढळला. वर्गीकरणाने 2004 मध्ये ही डोकेदुखी परिशिष्टात ठेवली, म्हणजे पुरावा अपुरा. 2018 च्या आवृत्तीत नाव बदललं, पडद्याचा उल्लेख आला, जागा मात्र परिशिष्टातलीच राहिली. काही नाकतज्ज्ञांना हा अन्याय वाटतो. मला तो निर्णय बरोबर वाटतो, आणि तिथेही प्रश्न स्पर्शाच्या डोकेदुखीचा आहे, क्लस्टरचा नाही.

मग क्लस्टरमध्ये नाक का चोंदतं? कारण चेहऱ्याच्या वेदनेची नस पेटली की प्रतिक्षिप्त क्रियेने त्याच 1908 वाल्या चेतागुच्छातून डोळ्याला आणि नाकाला इशारा जातो. भाऊ रात्री दोनला गच्चीवर येरझारा घालायचा. उजवा डोळा लाल, पापणी अर्धी मिटलेली, उजवी नाकपुडी आधी बंद आणि मग वाहती. अर्धशिशीचा माणूस अंधारात पडून राहतो, याला बसवत नाही. झटका 15 मिनिटांपासून तीन तासांपर्यंत चालतो. 1998 मध्ये झटका चालू असताना काढलेल्या मेंदूच्या पेट स्कॅनमध्ये हायपोथॅलॅमस हा मेंदूच्या तळाचा छोटा भाग उजळलेला दिसला. शरीराचं घड्याळ तिथेच असतं, म्हणून तीच वेळ आणि पुष्कळदा तोच ऋतू.

ऑपरेशनचा गैरसमज टिकतो तो या ऋतूमुळे. झटक्यांचा हंगाम बहुधा दोन आठवडे ते तीन महिने चालतो आणि आपोआप ओसरतो. नंबर लागून पडद्याचं ऑपरेशन होईपर्यंत तो संपत आलेला असतो, आणि श्रेय नाकाला मिळतं. भावाचंही थांबलं. आई गणेश टेकडीला पेढे देऊन आली. अकरा महिन्यांनी, रात्री दोनलाच, उजव्याच डोळ्यामागे ते परत आलं. श्वास मात्र त्याला आता मोकळा येतो, त्यासाठी ते ऑपरेशन चांगलंच झालं होतं.

उपचार नाकापलीकडचे आहेत. हंगामात झटके रोखायला व्हेरापामिल हे हृदयाचं औषध, त्यासाठी मधूनमधून ईसीजी, आणि झटक्याला सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन किंवा मास्कने शुद्ध ऑक्सिजन. मिनिटाला 12 लिटरने, 15 मिनिटं दिलेल्या ऑक्सिजनचा उपयोग 2009 मध्ये चाचणीने दाखवला. एप्रिल 2021 मध्ये विशाखापट्टणमहून निघालेल्या पहिल्या ऑक्सिजन एक्स्प्रेसचे टँकर नागपूर स्टेशनात उतरले, तेव्हापासून लिटर आणि प्रवाह हे शब्द इथे घरोघरी कळतात. त्या वेळचा कॉन्सन्ट्रेटर, हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र, आमच्याकडे पडून आहे. तो मिनिटाला पाच लिटरच देतो, झटक्याला पुरत नाही. सिलिंडरच लागतो, सोबत पिशवीचा मास्क, आणि चिठ्ठीवर डॉक्टरांकडून प्रवाहाचा आकडा लिहून घ्यावा लागतो, नाहीतर दुकानदार दोन लिटरचा रेग्युलेटर हातात देतो.