पुण्याचे ऑर्गनिस्ट सर : एका जोडपेशाची पार्श्वभूमी

पंचहौद हे ख्रिस्ती मिशन म्हटले की पुणेकराला आधी चहा आठवतो. १४ ऑक्टोबर १८९० रोजी तिथे शहरातली बडी मंडळी जमली, लोकमान्य टिळक आणि रानडेही होते, चहा आला, आणि पुढे नावे छापून आल्यावर प्रकरण ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, आणि प्रायश्चित्तापर्यंत गेले. त्या चहावर इतके लिहून झाले आहे की त्याच आवाराचा आवाज कुणाच्या लक्षात येत नाही. गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयाच्या मनोऱ्यात इंग्लंडमधल्या लफबरो गावी ओतलेल्या आठ घंटा आहेत. घंटेखाली देवालय, देवालयात गायकवृंद, आणि गायकवृंदाला सांभाळणारा एक माणूस. ही टिपणे त्या माणसाविषयी आहेत.

मंडळीबाहेर, म्हणजे चर्चच्या समुदायाबाहेर, त्याला फारसे कोणी ओळखत नाही. आत तो नुसता ‘सर’ असतो, किंवा ती नुसती ‘मिस’. आठवडाभर पियानोच्या शिकवण्या, रविवारी सकाळी उपासनेला ऑर्गन, मधल्या एखाद्या संध्याकाळी क्वायरचा सराव. डिसेंबर उजाडला की घरच्यांना सर दिसतच नाहीत. अशी व्यक्ती गेली की निधनाच्या बातमीत ‘संगीतशिक्षक आणि ऑर्गनिस्ट’ असे दोन्ही शब्द जोडीनेच येतात. ही जोडी जमली कशी? लोक भक्तीकडे बोट दाखवतात. भक्ती होतीच, पण माझ्या मते या जोडीचे मूळ पगारात आहे.

खडकीची लढाई १८१७ ची. पेशवाई गेली, शहराच्या पूर्वेला इंग्रजांची छावणी वसली आणि तिच्यात सेंट मेरीज चर्च उभे राहिले. १८२५ मध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी त्याचे समर्पण केले. हेबर स्वतः गीतकार होते. त्यांची गीते इंग्रजी उपासनेत आजही गातात. पुढच्याच वर्षी ते त्रिचनापल्लीला वारले. त्या काळी चर्च म्हटले की ऑर्गन हवाच, अशी रीत खुद्द इंग्लंडच्या खेड्यांतही नव्हती. गावातलेच चार लोक माडीवर बसून व्हायोलिन आणि बासून वाजवत. ऑर्गनचे प्रस्थ वाढले ते व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत. मोठ्या पोस्टाजवळचे सेंट पॉल्स चर्च १८६७ मध्ये पुरे झाले, ते याच लाटेतले.

छावणीच्या चर्चमध्ये पलटणीचा बँड होता, वाजवणारे हातही होते. अडचण एवढीच की पलटण बदलून जाते. तीन वर्षे एक बँडमास्तर, मग दुसरा, मग कोणीच नाही. दर रविवारी हमखास हजर राहील असा माणूस गावात घर करून राहणाराच हवा. आणि आठवड्यातून एक दिवस, एखादे लग्न, एखादा दफनविधी, यांच्या मानधनावर घर चालत नाही. ही सोय शाळांनी केली. बिशप्स स्कूल १८६४ चे, सेंट मेरीज १८६६ चे, सेंट व्हिन्सेंट्स १८६७ चे. तीन वर्षांत तीन शाळा, आणि या धर्तीच्या शाळांत गाणे आणि पियानो म्हणजे शिक्षणाचा भागच. ऑर्गनवर बसणाऱ्याला सोमवारी सकाळचे काम मिळाले.

पुढे परीक्षा आल्या. लंडनचे ट्रिनिटी कॉलेज १८७२ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या श्रेणी परीक्षा इथेही रुजल्या. परदेशी परीक्षक वर्षातून एकदा येणार, प्रमाणपत्रावर लंडनचा शिक्का असणार, म्हणून कॅम्पातल्या पारशी, अँग्लो-इंडियन आणि गोवेकर घरांतून मुले शिकवणीला येऊ लागली. मोलेदिना रस्त्याजवळच्या मझदा हॉलमध्ये आजही पूना म्युझिक सोसायटीच्या मैफली होतात, त्या श्रोतृवर्गाची पायाभरणी अशा दिवाणखान्यांतल्या शिकवण्यांनीच केली.

गोवेकरांचा वाटा वेगळा सांगायला हवा, कारण तो छावणीहून जुना आहे. पेशव्यांच्या फौजेत कॅथलिक शिपाई आणि अंमलदार होते. त्यांच्या प्रार्थनेसाठी सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये जागा दिली, तेच क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च. गोव्यात तर चर्चच्या शाळेत ‘मेस्त्रे’कडून, म्हणजे संगीतशिक्षकाकडून, सोलफेज (लिहिलेले स्वर वाचून गाणे) आणि व्हायोलिन शिकणे ही शेकडो वर्षांची शिस्त. तिथून आलेला माणूस कागदावरचे संगीत वाचू शकत असे. बँड, सिनेमाघर, क्लब आणि चर्च, चारही ठिकाणी त्याला मागणी होती, आणि पुष्कळदा एकच माणूस चारही ठिकाणी दिसे.

इथवर सारे इंग्रजी किंवा लॅटिनमध्ये चाललेले. मराठी मंडळीचा ऑर्गनिस्ट झाला की प्रश्न फार अवघड होतो, आणि मला तोच भाग सर्वांत रंजक वाटतो.

मिशनऱ्यांनी सुरुवातीला इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसवले. इंग्रजी गीताची चाल शब्दावरच्या आघातावर चालते. मराठी ओळ चालते लघु-गुरूवर. आठ-सहा, आठ-सहा अक्षरांच्या इंग्रजी साच्यात मराठी कोंबली की ताल नेमका प्रत्ययावर पडतो आणि देवाचे नाव ठोक्याबाहेर राहते. गाणारे मग ओढून ओढून गातात. दुसरीकडे आपल्याकडे ओवी, अभंग, दिंडी, साकी हे साचे तयारच होते. अहमदनगर भागात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, आणि नारायण वामन टिळकांनी सगळा मार्गच बदलला. टिळकांचा जन्म १८६१ चा, बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत, मृत्यू १९१९ मध्ये. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी शेकडो पदे लिहिली. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात त्यांचा वाटा मोठा आहे.

आता रविवारची पंचाईत बघा. एकाच उपासनेत पहिले गीत इंग्रजी चालीचे, चार आवाजांत बांधलेले. त्यानंतर टिळकांचे भजन, भैरवीच्या वळणाचे. पहिल्यात डाव्या हाताने सुरावटीखाली स्वरसंगती भरायची असते. दुसऱ्यात तीच भरली तर भजनाचा जीव जातो. कोमल ऋषभाखाली पाश्चात्त्य पद्धतीचा स्वरमेळ टाकून पाहा, कानच सांगेल. जाणते ऑर्गनिस्ट तिथे डावा हात आवरतात. षड्ज-पंचम धरून ठेवायचे, उजव्या हाताने चाल, बाकी तबल्याला मोकळे सोडायचे. हे कोणत्याही परीक्षेच्या पुस्तकात नाही. पुण्या-नगरच्या मंडळ्यांत ते एका सरांकडून दुसऱ्या सरांकडे हातोहात आले.

ऑर्गनला पूर्ण सुट्टी देणारा प्रयोगही पुण्यात झाला. जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला, तो पुढे शिवाजीनगरच्या आश्रमात स्थिरावला. पुढे आदिवासींचे अभ्यासक म्हणून गाजलेले व्हेरियर एल्विन १९२७ मध्ये इंग्लंडहून याच संघात आले. तिथली बैठक जमिनीवरची, गाणे देशी. प्रयोग प्रामाणिक होता, पण बहुतेक मंडळ्यांनी ऑर्गन सोडला नाही. बाहेरून आलेल्या साहेबाला भजन हवे होते आणि आजीला इंग्रजी चालीतले मराठी गीत, हा विनोद अनेक घरांत सांगता येईल.

वाद्याविषयी एक गैरसमज आहे. ऑर्गन म्हटले की भिंतभर नळ्या डोळ्यांपुढे येतात. तसला पाइप ऑर्गन थोड्याच ठिकाणी परवडे. त्याच्या सर्वसाधारण खर्जाच्या ‘सी’ची नळीच आठ फूट उंच असते, आणि वीज येण्याआधी भाता हलवायला एक पोरगा लागे. बहुतेक मराठी मंडळ्यांत असे तो पायाने भाता मारायचा रीड ऑर्गन, आपली पायपेटी. अमेरिकी बनावटीचा ऑर्गन हवा आत ओढून पितळी पत्त्या वाजवतो, हार्मोनियम हवा बाहेर फेकून. म्हणून पहिल्याचा आवाज गोलसर, दुसऱ्याचा धारदार. खेड्यांत नेण्यासाठी पेटीसारखे घडी होणारे ऑर्गनही मिळत.

पुण्याच्या पावसाळ्यात या वाद्याचे हाल होतात. लाकूड फुगते, पट्टी खाली अडकते आणि उपासनेच्या मधोमध एक स्वर आपणहून वाजत राहतो. भात्याचे कापड चिरते, आत उंदीर घर करतात. ऑर्गनिस्टाच्या खिशात म्हणूनच स्क्रू ड्रायव्हर असे. मोठ्या दुरुस्तीला मात्र पेठांतला पेटीवाला कारागीर लागे, आणि तो नाटकवाल्यांचेही काम करणारा.

कारण हेच वाद्य तिकडेही होते. किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी रंगभूमीवर आले, आणि संगीत नाटक वाढता वाढता बालगंधर्वांच्या काळी तिरखवाँचा तबला, कादरबक्षांची सारंगी यांच्या बरोबरीने ऑर्गन साथीला आला. मराठी रसिकाच्या मनात ‘ऑर्गन’ म्हणजे नाट्यगीताआधीचा तो भरलेला सूर. मैल-दोन मैलांवर कॅम्पात त्याच जातीच्या वाद्यावर चार आवाजांची गीते चालली होती. दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांचे ऐकले असेल का, हा प्रश्न मला सतत पडतो. कारागिराने नक्की ऐकले. ‘आकाशवाणी’ने १९४० पासून तीन दशके हार्मोनियमला दाराबाहेर ठेवले, तेव्हाही मंडळीतली पेटी रविवारी नेमाने वाजत होती.

पुढचे बदल भराभर झाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनाविधीवरचा दस्तऐवज मंजूर केला. लोकभाषेला दार उघडले, आणि त्याच दस्तऐवजात पाइप ऑर्गनचा मान राखावा असेही लिहिले. पुण्याच्या कॅथलिक चर्चमध्ये मराठी गीते आली, पाठोपाठ गिटारही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली आणि पंचहौदपासून कॅम्पापर्यंतच्या कित्येक मंडळ्या एका छत्राखाली आल्या. १९८० नंतर जपानी कीबोर्ड आले. कंपनी कोणतीही असो, लोक त्याला ‘कॅसिओ’च म्हणतात. भाता नाही, उंदीर नाही, बटण दाबले की पट्टी काळी एकवरून काळी दोन. सरांची पाठ वाचली. त्याबरोबर बटणावरचा तयार ठेकाही आला आणि काही ठिकाणी सगळी गीते त्याच चालीने दौडू लागली, हेही खरे.

शिकवणी मात्र वाढतच गेली. आज पियानो शिकायला येणारी बरीच मुले ख्रिस्ती नसतात. कोथरूड-औंधहून येतात, ग्रेड परीक्षा देतात, पुढे जिंगल्स, चित्रपट किंवा परदेशी संगीतशाळेकडे जातात. त्यांची बोटे त्यांच्या सरांपेक्षाही चपळ असतात. पण दीडशे माणसांना एकसाथ गायला लावणे ही वेगळी विद्या आहे. पहिली ओळ वाजवून लय सांगायची, दोन कडव्यांमध्ये नेमका एक श्वास सोडायचा, लोक रेंगाळले तर किंचित पुढे राहायचे पण ओढायचे नाही, दफनविधीला तेच गीत संथ करायचे, आणि मागच्या बाकावरच्या आजोबांनी वरच्या सुरात सुरुवात केली तर मुकाट्याने पट्टी बदलायची. पियानोच्या ग्रेड परीक्षेत यातल्या कशालाच गुण नाहीत. त्यामुळे शिष्य शंभर आणि रविवारी सव्वानऊला बाकावर बसणारा एखादाच, अशी स्थिती आहे. जिथे सर अजून हिंडते-फिरते आहेत, तिथे काही पाळकांनी यावर उपाय काढला आहे: अर्पणाच्या वेळचे गीत एखाद्या विद्यार्थ्याला द्यायचे, आणि सरांनी त्याच्याशेजारी बसून फक्त पाने उलटायची.