जुनी हायब्रिड घेताना: कंपनीची उरलेली वॉरंटी आणि विकत मिळणारी एक्सटेंडेड वॉरंटी

सेकंडहँड हायब्रिडचा, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या गाडीचा, सौदा जमत आला की बहुतेक वेळा एक जादाचा कागद समोर येतो. "बॅटरी गेली तर केवढ्याला पडेल माहीत आहे ना?" असं विचारलं जातं आणि लगेच एक्सटेंडेड वॉरंटीची रक्कम सांगितली जाते. भीतीपोटी सही होते. पण गाडी बनवणाऱ्या कंपनीनं दिलेली आणि अजून शिल्लक असलेली वॉरंटी ही एक गोष्ट आहे, वेगळे पैसे मोजून घ्यायचा हा करार ही दुसरी. दोन्हींना आपण सरसकट वॉरंटी म्हणतो, आणि त्या गोंधळात अनेक जण आधीच आपल्याकडे असलेल्या संरक्षणाचे पुन्हा पैसे भरतात.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. भीती बॅटरीची दाखवली जाते, पण गाडी फार जुनी नसेल तर बॅटरीची काळजी बहुधा कंपनीच्या वॉरंटीतच घेतलेली असते. दुसरा कागद घ्यायचा की नाही, ते बॅटरी बाजूला ठेवून उरलेल्या गाडीकडे बघून ठरवावं.

आधी कंपनीच्या वॉरंटीबद्दल. ती एकसंध नसते. पूर्ण गाडीची वॉरंटी सगळ्यात लवकर संपते, इंजिन-गिअरबॉक्सची त्यापेक्षा जास्त चालते आणि हायब्रिड भागांची सहसा सगळ्यात लांब. हायब्रिड भागांतही फरक असतो. अमेरिकेत टोयोटानं २०२० च्या मॉडेलपासून हायब्रिड बॅटरीची वॉरंटी १० वर्षं किंवा १,५०,००० मैल केली. त्याआधी ती ८ वर्षं किंवा १,००,००० मैल होती. इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी बदलणारा भाग) आणि कंट्रोल मॉड्यूल (हायब्रिड यंत्रणा चालवणारे छोटे संगणक) मात्र ८ वर्षांवरच राहिले. म्हणजे नऊ वर्षांच्या गाडीत बॅटरी संरक्षणात आणि इन्व्हर्टर बाहेर, असं होऊ शकतं. युरोपात टोयोटा वार्षिक हायब्रिड तपासणीनंतर बॅटरीचं संरक्षण वर्षावर्षानं वाढवते, गाडी १५ वर्षांची होईपर्यंत. कंपनी आणि देश बदलला की आकडे बदलतात, त्यामुळे ओळखीच्या कुणाच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये.

ही मुदत तुम्ही गाडी घेतली त्या दिवसापासून मोजली जात नाही. पहिल्या मालकाच्या हाती गाडी गेली त्या तारखेपासून घड्याळ सुरू होतं, आणि वर्षं किंवा अंतर यांपैकी जे आधी संपेल तिथे वॉरंटी संपते. पाच वर्षांची पण भरपूर पळालेली गाडी वयानं संरक्षणात आणि ओडोमीटरनं बाहेर असू शकते. विक्रेत्याच्या तोंडी हमीवर जाऊ नका. चॅसिस नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा: पहिली विक्री कधीची, कुठल्या भागाची वॉरंटी किती उरली, मालक बदलल्यावर ती पुढे चालते का, आणि अपघातामुळे किंवा पुरामुळे ती रद्द झाली आहे का. एवढ्या चौकशीतच अर्धा निर्णय होतो.

बॅटरीची भीती खरी किती, हेही बघू. प्लग न लावता चालणाऱ्या हायब्रिडमध्ये बॅटरी पूर्ण भरू दिली जात नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ दिली जात नाही. गाडी तिला मधल्या पट्ट्यातच खेळवते, म्हणून ती बरीच वर्षं टिकते. बिघडते तेव्हा सगळी एकदम बिघडतेच असं नाही. टोयोटाच्या प्रियस या हायब्रिडच्या २००४ पासूनच्या दोन पिढ्यांमध्ये निकेल-मेटल-हायड्राइड प्रकारच्या बॅटरीची २८ मॉड्यूल, म्हणजे छोटे सुटे भाग, एका रांगेत जोडलेली असतात. त्यातलं एखादं कमजोर झालं तरी डॅशबोर्डवर इशारा येतो आणि गाडीतले बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०ए८० हा बॅटरीच्या बिघाडाचा कोड दिसतो. काही गॅरेजवाले तेवढंच एक मॉड्यूल बदलून देतात. बाकीची सत्तावीस त्याच वयाची असल्यामुळे हा इलाज अनेकदा थोडे दिवसच पुरतो. जुनी हायब्रिड घेताना "बॅटरी बदलली आहे" असं कळलं, तर पूर्ण नवी बसवली की एखादंच मॉड्यूल बदललं, आणि कुणी, हे बिलावर बघा. बाहेरच्या गॅरेजमध्ये उघडलेल्या बॅटरीवर कंपनी वॉरंटी नाकारू शकते.

आणखी एक गोष्ट लोकांना फार घाबरवते. हायब्रिडमध्ये १२ व्होल्टची साधी छोटी बॅटरीही असते. ती उतरली की गाडी 'रेडी', म्हणजे निघायला तयार, होत नाही, भलतेसलते दिवे लागतात आणि मोठी बॅटरीच गेली असं वाटतं. ही छोटी बॅटरी झिजणाऱ्या वस्तूंत मोडते, सहसा दोन्हींपैकी कुठलाच कागद तिचे पैसे देत नाही आणि तिची किंमतही मोठी नसते.

आता विकत मिळणारा करार. तो उघडल्यावर मी सगळ्यात आधी भागांची यादी बघेन. काही करारांत "हे हे भाग सोडून सगळं" असं लिहिलेलं असतं, काहींत "फक्त हे हे भाग". दुसऱ्या प्रकारच्या यादीत स्टार्टर मोटर, अल्टरनेटर, क्लच प्लेट अशी नावं ओळीनं दिसली तर थांबा. टोयोटाच्या पद्धतीच्या फुल हायब्रिडमध्ये (जी थोडं अंतर नुसत्या मोटरवरही चालते) यातलं काहीच नसतं. इंजिन सुरू करण्याचं आणि वीज तयार करण्याचं काम गाडीतले मोटर-जनरेटरच करतात, आणि गिअरबॉक्सच्या जागी ग्रहीय गिअरची साधी, दणकट रचना असते. ती यादी पेट्रोल गाडीसाठी लिहिलेली आहे आणि हायब्रिडवर तशीच चिकटवली आहे. तिचे पैसे भरून तुमच्या गाडीत नसलेल्या भागांचं संरक्षण मिळेल.

यादीत खरं काय हवं? इन्व्हर्टर आणि त्याला थंड ठेवणारा पंप. ब्रेकचा अ‍ॅक्च्युएटर, कारण ब्रेक मारताना मोटरनं किती थांबवायचं आणि ब्रेक पॅडनं किती, याचा मेळ ही यंत्रणा घालते आणि बिघडली तर दुरुस्ती महाग पडते. विजेवर चालणारा एसी कॉम्प्रेसर. याची गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण क्लेम अडकतात ते अशाच ठिकाणी. हा कॉम्प्रेसर मोठ्या बॅटरीच्या उच्च व्होल्टेजवर चालतो, त्यामुळे त्यात वीज न वाहणारं विशेष तेल लागतं. गॅस भरताना कुणी साध्या गाडीचं तेल घातलं तर इन्सुलेशन बिघडतं, गाडी वीजगळतीचा इशारा देते आणि कॉम्प्रेसर बदलावा लागू शकतो. करार देणारा मग म्हणतो, चुकीच्या देखभालीमुळे झालं, आम्ही पैसे देणार नाही. मागची सर्व्हिस कुठे झाली याचे कागद नसतील तर तुमच्याकडे उत्तर नसतं.

आणि हो, मोठ्या बॅटरीचं नाव त्या करारात आहे की नाही, ते अक्षर लावून वाचा. बॅटरीची भीती दाखवून विकल्या जाणाऱ्या करारांतही हायब्रिड बॅटरी वगळलेली असू शकते, किंवा तिच्यासाठी भरपाईची वेगळी, कमी मर्यादा असू शकते. "हळूहळू कमी झालेली क्षमता" वगळणारी ओळही शोधा. वय झाल्यानं मायलेज घटलं तर त्या ओळीमुळे काही मिळत नाही. कंपनीच्या वॉरंटीतही साधारण तसंच असतं: ती बिघाडासाठी असते, झिजेसाठी नाही.

यानंतर बघायचं ते पैसे कोण देणार. गाडीच्या कंपनीचाच करार असेल तर तो सहसा कुठल्याही अधिकृत सेंटरवर चालतो. विक्रेत्याचा किंवा तिसऱ्याच संस्थेचा असेल तर दुरुस्तीआधी परवानगी, ठरावीक गॅरेज, दर वेळी आपल्या खिशातून भरायची रक्कम, सुरुवातीचे क्लेम न चालणारे दिवस, आधीपासूनचा बिघाड वगळणं, अशा अटी येतात. ती संस्था बंद पडली तर कराराला अर्थ उरत नाही, म्हणून मागे विमा कंपनी आहे का ते विचारा. मुदत आजपासून मोजणार की कंपनीची वॉरंटी संपल्यापासून, तेही विचारा. आजपासून असेल तर पहिली काही वर्षं एकाच बिघाडासाठी दोन कागद हातात असतील आणि एकाचे पैसे वाया जातील.

मग घ्यावी का? हायब्रिड भागांची वॉरंटी दोन-तीन वर्षं उरली असेल, सर्व्हिसचे कागद पूर्ण असतील आणि एखादं मोठं बिल आलं तरी तुम्ही ते सोसू शकत असाल, तर मी घेणार नाही. विकणाऱ्याचा खर्च आणि कमिशन त्या किमतीत असतंच, त्यामुळे सरासरी ग्राहक भरतो त्यापेक्षा कमीच परत मिळवतो. ती रक्कम बाजूला ठेवली तर ती आपलीच राहते. कराराचे पैसे गाडीच्या कर्जात मिसळून व्याजासकट फेडायची वेळ येत असेल, तर विचारसुद्धा करू नका.

उलट गाडी कंपनीच्या सगळ्याच वॉरंटींच्या बाहेर गेलेली असेल, रोजच्या कामधंद्यासाठी तिच्याशिवाय भागत नसेल आणि इन्व्हर्टरचं एक बिल घरचं गणित बिघडवणार असेल, तर घ्या. पण कंपनीचाच करार, आणि हायब्रिड भाग नावानिशी लिहिलेला. या परिस्थितीत थोडे जास्त पैसे गेले तरी ते योग्य आहेत, कारण अशा घराला सरासरीपेक्षा एकदम कोसळणारा खर्च जास्त जड जातो.

दोन्ही बाबतीत सौद्याआधी हायब्रिडची माहिती असलेल्या मेकॅनिककडून तपासणी करून घ्या. स्कॅनर लावून, गाडी चालवत असताना बॅटरीतल्या मॉड्यूलच्या प्रत्येक गटाचं व्होल्टेज बघायला सांगा. जोर पडल्यावर एखादा गट बाकीच्यांपेक्षा जास्त खाली जात असेल तर तो कमजोर आहे. मागच्या सीटजवळची बॅटरीच्या पंख्याची जाळी धूळ किंवा केसांनी बुजलेली असेल तर बॅटरी गरम होत आलेली असणार, आणि किमतीची घासाघीस तिथूनच सुरू करता येते.