शिपमनचा आलेख

मरणाची वेळ सांगून येत नाही. कुठल्याही साध्या फॅमिली डॉक्टरच्या पेशंटांचे मृत्यू पाहिले, तर ते दिवसरात्रीत कमीअधिक सारखेच विखुरलेले असतात. आपल्याच पेशंटांचे खून करणाऱ्या, इंग्लंडमधल्या हाइड गावच्या डॉ. हॅरल्ड शिपमनच्या पेशंटांचा आलेख मात्र दुपारी दोनच्या आसपास सुळक्यासारखा वर जातो. ती त्याची घरभेटींची वेळ होती.

1946 साली नॉटिंगहॅममध्ये जन्मलेल्या शिपमनची आई तो सतरा वर्षांचा असताना फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेली. शेवटच्या दिवसांत घरी येणारे डॉक्टर तिला मॉर्फिन टोचत. पुढच्या सगळ्याचं मूळ इथे शोधायचा मोह अनेकांना होतो. मला ते फारसं पटत नाही. अशी आई गमावलेली असंख्य मुलं कुणाचा जीव घेत नाहीत, आणि शिपमनने तर शेवटपर्यंत गुन्हाच कबूल केला नाही. 1975 मध्ये खोट्या प्रिस्क्रिप्शनवर पेथिडिन हे मॉर्फिनसारखं वेदनाशामक मिळवून स्वतःच टोचून घेताना तो सापडला होता. दंड झाला, उपचार झाले, पण डॉक्टरकीचा परवाना शाबूत राहिला. 1977 मध्ये तो हाइडला आला आणि लोकांचा लाडका डॉक्टर झाला.

त्याचं हत्यार डायमॉर्फिन, म्हणजे वैद्यकीय हेरॉइन. ब्रिटनमध्ये ते वेदनाशामक म्हणून रीतसर वापरतात. जास्त डोस गेला की मेंदूतलं श्वसनाचं केंद्र मंदावतं आणि श्वास थांबतो. बळी बहुतेक वयस्क, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया. पुष्कळदा त्या नेहमीच्या कपड्यांत, खुर्चीत बसलेल्या सापडत. मृत्यूचा दाखला शिपमनच लिहायचा: म्हातारपण, हृदयविकार.

1998 च्या मार्चमध्ये हाइडमधल्याच डॉ. लिंडा रेनॉल्ड्स यांना शंका आली. तेव्हा दहनासाठी दुसऱ्या डॉक्टरची सही लागायची. शिपमनचे असे फॉर्म त्यांच्या दवाखान्यात फारच येत होते. पोलिसांनी वरवर चौकशी करून फाइल मिटवली. त्यानंतर आणखी तिघी गेल्या. शेवटची 81 वर्षांची होती, आणि तिची सगळी मालमत्ता शिपमनला देणारं मृत्युपत्र निघालं. मुलगी नेमकी वकील. ते मृत्युपत्र बनावट असल्याचं तिने ओळखलं.

प्रेत उकरून काढलं. डायमॉर्फिनचं शरीरात झटपट मॉर्फिन होतं, पण हे मॉर्फिन पुरलेल्या देहाच्या स्नायूंत आणि यकृतात बराच काळ टिकतं. बाईंना अफूजन्य औषधांचं व्यसन होतं, असा शिपमनचा बचाव. तशा नोंदीही त्याच्या कॉम्प्युटरवर होत्या, मागच्या तारखांच्या. मात्र नोंद प्रत्यक्षात कधी टाइप झाली हेही मशीनने गुपचूप साठवून ठेवलं होतं! 31 जानेवारी 2000 रोजी 15 खुनांसाठी त्याला जन्मठेप झाली. 2004 मध्ये त्याने तुरुंगात आत्महत्या केली. न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीत 215 बळी निश्चित झाले, एकूण अंदाज 250 च्या घरात.

माझ्या मते खरी गोष्ट आकड्यांची आहे. संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड स्पीगलहॉल्टर यांनी या मृत्यूंना अब्राहम वॉल्ड यांची पद्धत लावली. ती दुसऱ्या महायुद्धात युद्धसामग्रीची गुणवत्ता तपासायला निघाली होती. त्या वयाच्या लोकांत किती मृत्यू अपेक्षित होते आणि किती झाले, हा फरक सतत जमा करत जायचा. निव्वळ योगायोग असेल तर बेरीज वरखाली होत राहते. शिपमनची चढतच गेली. विष, इंजेक्शन, साक्षीदार यातलं काहीच न पाहता 65 वर्षांवरच्यांत 174 स्त्रिया आणि 49 पुरुष जादा भरले. चौकशीतल्या आकड्याच्या किती जवळ! कुणी हे गणित चालू ठेवलं असतं, तर 1980 च्या दशकाच्या मध्यावरच धोक्याची घंटा वाजली असती.

अर्थात घंटा चुकीचीही वाजते. पुढे हीच पद्धत इतर डॉक्टरांवर अजमावली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण जास्त असलेला एक डॉक्टर निघाला. त्याच्याकडे निवृत्त लोकांचा भरणा होता, आणि शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलऐवजी घरीच राहायला तो त्यांना मदत करत होता. म्हणून आकड्यांसोबत माणसाची नजरही हवी. कॉरोनरकडे, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, न जाणारा प्रत्येक मृत्यू स्वतंत्र डॉक्टरने तपासलाच पाहिजे, हा नियम इंग्लंडमध्ये कायद्याने लागू झाला सप्टेंबर 2024 मध्ये.