‘तुरळक ठिकाणी पाऊस’ आणि ‘३० टक्के पाऊस’

फाल्गुन-चैत्रात एखादा आठवडा असा येतो की सकाळी गारवा असतो, दिवसाचे तापमान सरासरीच्या खाली राहते, दुपारनंतर एका गावावर वीज कडाडते आणि शेजारच्या गावाला नुसताच गार वारा लागतो. नेमक्या त्या आठवड्यात दोन प्रकारचे अंदाज एकमेकांत कालवले जातात. भारतीय हवामान विभाग सांगतो की जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता आहे. मोबाइलवरचे ॲप ढगाचे चित्र काढून खाली ३० टक्के लिहिते. पाऊस पडला नाही की दोघांनाही एकाच दमात खोटे ठरवले जाते आणि पडला की दोघांपैकी कोण बरोबर होता यावर पारावर वाद होतो, वास्तविक दोघांनी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे दिलेली असतात.

ॲपची टक्केवारी बहुतेकांच्या परिचयाची आहे, म्हणून ती थोडक्यात. ३० टक्के म्हणजे तुमच्या ठिकाणी, त्या चौकटीत दाखवलेल्या कालावधीत, मोजता येईल इतका पाऊस पडण्याची शक्यता दहात तीन. पाऊस किती वेळ पडेल किंवा किती जोराचा असेल, याच्याशी या आकड्याचा संबंध नाही. ‘मोजता येईल इतका’ हेही फार थोडे असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेसाठी ते ०.०१ इंच, म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर आहे, तर आपल्याकडे तो दिवस पावसाचा म्हणून धरायला किमान २.५ मिलिमीटर पाऊस लागतो. तासाची चौकट आणि दिवसाची चौकट यांत गल्लत करू नये, एवढे सांगून पुढे जातो. दुपारच्या सहा तासांत प्रत्येक तासाला २० टक्के असतील, तर त्या संपूर्ण दुपारची शक्यता २० टक्क्यांहून बरीच जास्त असू शकते.

हवामान विभागाच्या वाक्यातला ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्दप्रयोग मात्र शोभेसाठी घातलेला नाही. तो एका ठरलेल्या पट्टीवरचा टप्पा आहे. त्या क्षेत्रातल्या २५ टक्क्यांपर्यंत पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’, २६ ते ५० टक्के केंद्रांवर असेल तर ‘काही ठिकाणी’, ५१ ते ७५ टक्क्यांना ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्याहून अधिक असेल तर ‘बहुतांश ठिकाणी’ असे लिहिले जाते. ही पट्टी व्याप्तीची आहे. पाऊस होण्याची खात्री किती, याची पट्टी वेगळी आहे आणि तिच्याही पायऱ्या २५, ५० आणि ७५ टक्क्यांवरच आहेत, त्यामुळे गोंधळाला आयतेच निमंत्रण मिळते. एकाच वाक्यात दोन्ही पट्ट्यांवरची मापे शेजारी शेजारी बसलेली असतात आणि बातमी करताना त्यांतले पहिले सर्रास गाळले जाते. ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता’ याचे ‘जिल्ह्याला गारपिटीचा तडाखा बसणार’ असे शीर्षक झालेले पाहिले की मूळ पत्रक लिहिणाऱ्याची कीव येते, कारण त्याने जपून लिहिलेले नेमके तेवढेच बाजूला काढलेले असते.

व्याप्ती आणि शक्यता यांतला फरक कळायला समान आकड्याचे दोन दिवस घ्यावेत. समजा, दोन्ही दिवशी जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाला पावसाची शक्यता २० टक्के आहे. पहिला दिवस आषाढातला आहे : बंगालच्या उपसागरावरून निघालेले कमी दाबाचे क्षेत्र आपल्याकडे वळले तर सगळा जिल्हा भिजणार, न वळले तर सगळा कोरडा राहणार, आणि ते वळण्याची शक्यता पाचात एक आहे. दुसरा दिवस चैत्रातला आहे : दुपारनंतर जिल्ह्यात गडगडाटी ढग उभे राहणार हे जवळजवळ नक्की आहे, पण ते पाचव्या हिश्शाच्या गावांवरच बरसणार आहेत आणि ती गावे कोणती हे सकाळी कुणालाही सांगता येत नाही. ॲप दोन्ही दिवशी २० हाच आकडा दाखवील आणि तो दोन्ही दिवशी बरोबरच असेल. खळ्यावरचा हरभरा झाकायचा की नाही एवढेच ज्याला ठरवायचे आहे, त्याच्यापुरते हे दोन्ही दिवस सारखेच आहेत. तहसीलदाराला, वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीची पथके तयार ठेवणाऱ्या अभियंत्याला किंवा अनेक तालुक्यांतून कांदा उचलणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र ते अगदी भिन्न आहेत, कारण पहिल्या दिवशी पाचांत चार वेळा काहीच घडणार नाही आणि दुसऱ्या दिवशी कुठेतरी घडल्यावाचून राहणार नाही.

हाच फरक गारपिटीत आणखी ताणला जातो. नाशिक जिल्हा १५ तालुक्यांचा आहे आणि त्याचे क्षेत्रफळ १५ हजार चौरस किलोमीटरहून जास्त आहे. गारांचा एक पट्टा तीन किलोमीटर रुंद आणि पंधरा किलोमीटर लांब धरला, तर त्याखाली ४५ चौरस किलोमीटर जमीन येते. एका दुपारी असे पाच पट्टे पडले तरी हिशेब सव्वादोनशे चौरस किलोमीटरचा, म्हणजे जिल्ह्याच्या दीड टक्क्यापर्यंतच जातो. निफाड किंवा दिंडोरीतल्या एखाद्या द्राक्षबागेच्या दृष्टीने त्या दिवशीची शक्यता दीड टक्का आहे, आणि ‘जिल्ह्यात गारा पडतील का’ या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. जिल्ह्याची खात्री आपल्या बागेला लावणारा संध्याकाळी अंदाजाला शिव्या देतो, आणि बागेचा आकडा जिल्ह्याला लावणारा निर्धास्त राहिलेला असतानाच आठ किलोमीटरवर घड झोडपले जातात.

दीड टक्का ऐकून कुणी हसू नये, कारण अशी अस्थिर हवा एका दिवसात आटपत नाही. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्रात गारपीट होत राहिली. पट्टे अरुंद असले तरी रोज नवे पडत गेले की झोडपलेल्या क्षेत्राची बेरीज प्रचंड होते.

चैत्रातला पाऊस असा ठिपक्याठिपक्यांनी पडतो, याचे कारण त्याच्या घडणीत आहे. पश्चिमी विक्षोभामुळे, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालीमुळे, वरच्या थरात थंड हवा आलेली असते, खाली बंगालच्या उपसागरावरून बाष्प येत असते आणि विदर्भ-मराठवाड्यापासून दक्षिणेकडे वाऱ्यांची खंडितता, म्हणजे वाऱ्याची दिशा एकाएकी बदलणारा पट्टा, पसरलेली असते. एवढी स्थिती दोन-तीन दिवस आधी चांगल्यापैकी दिसते. त्या स्थितीतून कोणत्या गावावर ढग उभा राहील, हे मात्र दहा ते दोनच्या दरम्यान कुठे ऊन पडले, कुठे सकाळचे ढग रेंगाळले आणि आदल्या दिवशीच्या सरीने कुठली जमीन ओली ठेवली, यावर ठरते. एकेक गडगडाटी ढग पाच-दहा किलोमीटर रुंदीचा असतो आणि अर्ध्या-एक तासात विरतो. मे २०२५ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेली, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेली भारत अंदाज प्रणाली सहा किलोमीटरच्या जाळीवर चालते, म्हणजे गणितासाठी नकाशाचे सहा-सहा किलोमीटरचे चौकोन पाडते, आधीची जाळी बारा किलोमीटरची होती. ही मोठीच प्रगती आहे, पण एखादा ढग नीट उमटायला त्याच्या आत जाळीची अनेक घरे बसावी लागतात. म्हणून जे ॲप चार दिवस आधी ‘गुरुवारी दुपारी चार वाजता पाऊस’ असे चित्र काढते, त्याची नेमकेपणाची ऐट मला मुळीच आवडत नाही.

हलका आणि मध्यम यांतला भेद या दिवसांत फार महत्त्वाचा नाही. १५.५ मिलिमीटरपर्यंत हलका आणि ६४.४ पर्यंत मध्यम, एवढे पुरे. उघड्यावर वाळत घातलेल्या शिजवलेल्या हळदीला दोन्ही सारखेच वाईट. रंगांचेही तसेच. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, आणि रंग ठरवताना परिणाम किती गंभीर होईल हे पाहिले जाते, त्यामुळे ‘यलो अलर्ट आहे म्हणजे थोडा पाऊस येणार’ हे वाचन चुकीचे आहे.

‘अंदाज चुकला’ हा निवाडा देण्याआधी तो कसा तपासायचा ते तरी ठरवावे. व्याप्तीचा अंदाज दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांच्या, जिल्हाभरच्या केंद्रांच्या नोंदी पाहून तपासला जातो, आपल्या अंगणात डोकावून नव्हे. टक्केवारी तर एका दिवसाने खरी किंवा खोटी ठरूच शकत नाही. ३० टक्के सांगितलेले पुष्कळ दिवस एकत्र केले आणि त्यांतल्या सुमारे तीन दशांश दिवशी पाऊस पडला असेल, तर ते ॲप प्रामाणिक आहे. आता राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित केंद्रे आहेत, हे चांगलेच झाले, मात्र मंडळातल्या एका कोपऱ्यात गारा पडून केंद्रावर थेंबही न पडणे चैत्रात सहज घडते आणि पीकविम्याचे निम्मे भांडण तिथेच सुरू होते.

अशा आठवड्यात माझा क्रम ठरलेला आहे. दोन-तीन दिवस आधी विभागाचे जिल्हानिहाय पत्रक वाचावे आणि त्यात ‘तुरळक’ वरून ‘काही ठिकाणी’ असा बदल झाला का ते पाहावे, कारण तो बदल ॲपवरच्या ढगाच्या चित्रापेक्षा कितीतरी अधिक सांगतो. काढलेला उन्हाळ कांदा पातीखाली शेतात पडलेला असेल, तर ‘तुरळक’ एवढ्यावरच ताडपत्री बांधावर आणून ठेवावी. ताडपत्री अंथरण्याचा खर्च आणि भिजलेल्या कांद्याचे नुकसान यांतले अंतर इतके मोठे आहे की कमी शक्यतेवरही ते परवडते. दुपारी मात्र पत्रक आणि टक्केवारी दोन्ही बाजूला ठेवून ढग आणि पाऊस आत्ता कुठे आहेत ते दाखवणारे डॉपलर रडारचे चित्र आणि विभागाचा तात्कालिक इशारा पाहावा, आणि विजेसाठी त्याच पुण्याच्या संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप उघडावे. तात्कालिक इशारा पुढच्या तीन तासांपुरताच असतो, म्हणून कुटुंबाच्या गटात रात्री नऊला आलेला ‘येत्या तीन तासांत वादळी पाऊस’ हा संदेश पुढे पाठवण्याआधी त्यावरची वेळ वाचावी. ती बहुधा दुपारी दोनची असते.